अव्वाबरोबर सांगलीत ‘शारदा’

सांगलीत नाटक बघायचे तर दिवस हाताशी ठेवूनच जावे. गणपतीचे दर्शन घेऊन मी अव्वाला आधी हरिपूरला नेले. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे. वाटेत सांगितले, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले, ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाल्यावर. अव्वा हसली, “म्हणजे मूळ आमचंच की!”

संध्याकाळी भावे नाट्यमंदिरात ‘संगीत शारदा’ होते. पैशासाठी बाप कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो, ही कथा १८९९ साली रंगभूमीवर आली. मुलीच्या लग्नाचे वय किमान १४ करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली झाला. त्याला शारदा कायदा म्हणतात खरे, पण ते नाव हरविलास सारडांवरून आले.

अव्वाचे मराठी सासरी शिकलेले. पदांचा अर्थ मी कानात सांगू लागले, तर तिने हात दाबून गप्प केले. मध्यंतरात म्हणाली, “आमच्या अज्जीचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा बिजवर. तिला कुणी विचारलं नव्हतं.”

मी अज्जीचे माहेरचे नाव विचारले. तिने सांगितले. घंटा झाली, आम्ही आत गेलो.