पोटातले पोलाद

आमचे वैशाखरे नाणेघाटाच्या पायथ्याशी. वडील लोहार, कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. इतिहासाच्या सरांनी एकदा जावा बेटावरच्या 'केरिस' खंजिराची माहिती दिली. साधे लोखंड व निकेलयुक्त लोखंड यांचे थर तापवून, ठोकून एकजीव करायचे. कधी कांब दोरासारखी पिळायची. मग पाते घासून लिंबाचा रस व आर्सेनिक चोळले की लोखंड काळे पडते, निकेल चंदेरी राहते. त्या नक्षीला 'पामोर' म्हणतात. २००५ साली युनेस्कोने या कलेचा गौरव केला.

घरी सांगितले, तर वडील म्हणाले, "दोन लोखंडं एकजीव करायची, येवढंच ना? टाकणखार टाकायचा नि ठोकायचं."

आमच्या जुन्या कोयत्याचे अंग मऊ लोखंडाचे, म्हणून तो मोडत नाही, धारेला पोलाद. घासल्यावर सांध्याची रेघ दिसते. तिचा गौरव कोण करणार! आता कोयते मोटारीच्या कमानपाट्याचे, त्यांत सांधाच नाही. वडिलांना सांधा येतो, पण मला ते भात्याजवळ फिरकू देत नाहीत. "तू पुस्तक धर," म्हणतात. या दिवाळीच्या सुट्टीत मी घण मारायला उभा राहणार आहे, रागावले तरी.