आजारापूर्वीचा डॉक्टर

बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना नफ्याच्या आकड्याआधी आम्ही एक प्रश्न विचारीत असू : हा पैसा नेमका कशातून येतो? उत्पन्नाचा उगम कळला की धंद्याची चाल कळते. निवृत्तीनंतर हाच प्रश्न मी वैद्यकीय सेवेला लावून पाहिला, तेव्हा आपल्या घरांतील एक मोठी विसंगती ध्यानात आली.

आपल्यापैकी बहुतेक व्यापारी कुटुंबांकडे आज मेडिक्लेम आहे. सर्वसाधारण मेडिक्लेम रुग्णालयात चोवीस तास दाखल झाल्यावर खर्च देतो. डॉक्टरांची साधी भेट, साखरेची तपासणी, आहाराचा सल्ला यांना त्यात बहुधा जागा नसते. माझे थोरले बंधू भूमच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे आडत चालवीत. पायांना मुंग्या येतात, असे ते दोन वर्षे म्हणत होते. पण हंगामात दुकान सोडून दवाखान्यात ताटकळायला सवड नव्हती. मधुमेह कळला तो पायाची जखम चिघळल्यावर. बार्शीला अंगठा काढावा लागला. विम्याने रुग्णालयाचे बिल चुकते केले. परंतु ज्या किरकोळ खर्चाच्या रक्ततपासणीने तो अंगठा कदाचित वाचला असता, तिची तरतूद त्या करारात कुठेही नव्हती.

ही उणीव पूर्वी फॅमिली डॉक्टर भरून काढीत. घरातील तीन पिढ्यांच्या प्रकृती त्यांना ठाऊक असत आणि वाटेत भेटले तरी ते चेहरा पाहून चौकशी करीत. आज प्रत्येक अवयवाला तज्ज्ञ आहे. सबंध माणसावर लक्ष ठेवणारा मात्र दुर्मीळ झाला आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच घडले. खर्ड्यामार्गे गेले तर भूमहून जामखेड फार दूर नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. पुढे वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना, येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांचे आजार टाळता येण्याजोगे आहेत, हे त्यांना जाणवले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, गरोदर स्त्रीकडे लक्ष ठेवणे, धोका वेळेत ओळखणे ही कामे त्या गावातच करू लागल्या. डॉक्टरांचे ज्ञान रुग्णाच्या उंबऱ्यापर्यंत गेले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आरोळे यांनी सेवेची जागा बदलली. अमेरिकेतील काही फॅमिली डॉक्टरांनी पैशाची वाट बदलली. विमा कंपन्यांच्या कागदपत्रांना कंटाळून त्यांनी रुग्णांशी थेट करार केला : दरमहा ठरावीक वर्गणी, त्यात भेटी, फोनवरील सल्ला आणि नेहमीच्या तपासण्या, मोठ्या आजारासाठी विमा वेगळा. डॉक्टरांचे उत्पन्न भेटींच्या संख्येवर अवलंबून राहिले नाही. मात्र भाबडेपणाही नको. सिएटलची क्लायन्स ही या पद्धतीची नामांकित संस्था २००७ साली निघाली आणि २०१७ साली बंद पडली. हेतू चांगला असला तरी ताळेबंद जुळावाच लागतो.

आपल्या गावापुरते गणित मांडून पाहू. शंभर कुटुंबांनी दरमहा पाचशे रुपये दिले तर महिन्याला पन्नास हजार होतात. त्यात जागाभाडे, परिचारिका आणि डॉक्टरांचे मानधन भागणे कठीण. दोनशे कुटुंबे असतील तर एक लाख होतात आणि तालुक्याच्या गावी राहू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरला निश्चित उत्पन्नाची हमी मिळते. करार लेखी असावा. कोणती सेवा वर्गणीत येते आणि कोणती नाही, हे स्पष्ट असावे. हिशोब दरवर्षी सभासदांपुढे यावा. रुग्णालयासाठीचा विमा कोणीही बंद करू नये.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मालकाच्या साखरेइतकाच हमालाचा रक्तदाबही मोजला गेला पाहिजे. दुकानाने आपल्या मुनिमांची आणि हमालांची वर्गणी स्वतः भरावी. ज्यांच्या खांद्यावरून आपला माल जातो, त्यांना वगळून काढलेली योजना अपुरीच ठरेल.

आपण गोदामाला आग लागण्याची वाट पाहत नाही. आधी वायरिंग तपासून घेतो. माल खराब होऊ नये म्हणून पोती उलटीपालटी करतो. शरीराच्या बाबतीत मात्र नुकसान झाल्यावरच पैसा मोकळा करतो. येत्या दिवाळीत नवी वही उघडताना पाच-दहा दुकानदारांनी एकत्र बसून या खर्चाचे एक पान आखावे आणि गावातील एखाद्या होतकरू डॉक्टरला त्या बैठकीस बोलवावे. बंधूंनी मला सांगून ठेवले आहे की, त्या पानावरचे पहिले नाव त्यांचे असेल.