कवीचा रकाना

मराठी भावगीत हे एकट्याचे अपत्य नव्हे. कवी, संगीतकार आणि गायक असे तिघे त्याचे जनक. आकाशवाणीवर गाण्याआधी ही नावे सांगण्याचा प्रघात होता. आमच्या पिढीला कितीतरी कवी प्रथम कानांनीच भेटले, पुस्तके नंतर आली.

एमपीथ्री फाइलने मात्र ही ओळख पुसली. 1996 पासून अशा फाइलच्या शेवटी 128 बाइटांची एक पट्टी जोडली जाऊ लागली. तीत शीर्षक, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी 30 बाइट, शिवाय वर्ष, शेरा आणि प्रकार. कवीला रकानाच नाही! देवनागरीचाही विचार तीत नव्हता. 1998 साली आलेल्या पुढच्या आवृत्तीत गीतकार, संगीतकार आणि युनिकोड या तिन्हींची सोय झाली. पण रकाना असणे निराळे आणि तो भरणे निराळे. शिवाय भरलेले नाव मोटारीतल्या प्लेअरच्या पडद्यावर पुष्कळदा रिकाम्या चौकटी होऊनच उमटते.

क्रमाचेही तेच. ‘गीतरामायणा’ची 56 गीते 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. पहिल्या गीताचे आद्याक्षर ‘स’, समारोपाच्या गीताचे ‘ग’. फाइली नावानुसार लावणाऱ्या प्लेअरवर समारोप आधी होतो आणि आरंभ मागून येतो. घरच्या संगणकावर केलेली प्लेलिस्ट म्हणजे तरी काय? गाणी कोठे ठेवली आहेत, त्या पत्त्यांची यादी. पेन ड्राइव्ह मोटारीत गेला की ते पत्ते सहसा चुकतात. म्हणून आम्ही फाइलींच्या नावांआधी 01 ते 56 असे आकडे घालतो. एकेरी अंकाआधी शून्य नसेल, तर दहावे गीत दुसऱ्याच्या आधी वाजते.

बारामतीहून सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करत आम्ही इंदापूरला जातो, तेव्हा हा विचार हटकून मनात येतो. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने जाते. दिंडीतल्या अभंगांना ना फाइल, ना रकाना. तरीही कर्ता हरवत नाही, कारण तुकोबांची नाममुद्रा अभंगाच्या अखेरीस चरणातच विणलेली असते. कितीही मुखांतून गेली, तरी ती गळत नाही.

भावगीताला अशी मुद्रा नाही. त्याच्या कवीचे नाव गीताबाहेर, निवेदकाच्या ओठांवर अथवा तबकडीच्या वेष्टनावर राहिले. ती दोन्ही गेली, तसे नावही गेले. वर्गात ‘हे गीत कोणाचे?’ असे विचारले की मुले गायकाचे नाव सांगतात. त्यांचा काय दोष? त्यांना मिळालेल्या फाइलीत तेवढेच लिहिलेले असते.

म्हणून फाइल पुढे देण्याआधी आम्ही तो रकाना भरतो. ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके. एका गाण्याला मिनिटभरही लागत नाही. वाचकहो, आपल्या संग्रहातली दहा गाणी तरी अशी नावानिशी पुढे द्यावीत.