झीज आणि झिलई

माझ्या धाकट्या भावाने गेल्या हिवाळ्यात एक जुनी शिकारी रायफल विकत घेतली आणि ती निवडण्यात माझाही थोडा वाटा होता, हे लिहिताना अजून अवघडल्यासारखे होते. आमच्या घरात मांजरावरसुद्धा कुणी काठी उगारलेली मला आठवत नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर, तेवढीच. भाऊ मात्र वीस वर्षांपासून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात आहे. तिथे शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी त्याला हरणांच्या हंगामात आपल्याबरोबर रानात न्यायला सुरुवात केली. गोळी झाडण्यापेक्षा पहाटेच्या थंडीत झाडाला पाठ टेकून गप्प बसणेच त्यात अधिक असते, असे भाऊ सांगतो. त्या गृहस्थांकडे विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ७०’ रायफल होती. ते वारले, रायफल त्यांच्या मुलांकडे गेली आणि भावाला तशीच एक हवीशी वाटू लागली. शिकारीविषयीचे माझे मत बदललेले नाही. पण माणूस गेल्यावर त्याच्यासारखी एखादी वस्तू जवळ असावी, ही इच्छा मला कळते.

‘तशी’ म्हणजे कशी, हेही त्यानेच मला समजावले. ही रायफल १९३६ पासून कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन येथे तयार होऊ लागली. काडतुसाला सुरुवातीपासून घट्ट धरून ठेवणारी लांब पोलादी पकड आणि अक्रोडाच्या दस्त्यावर हाताने कोरलेली चौकड्यांची नक्षी ही तिची ओळख. १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीने रचना बदलली. ती पकड गेली, आणि कोरण्याऐवजी नक्षी दाबून उमटवली जाऊ लागली. तेव्हापासून रसिकांच्या लेखी १९६४ च्या आधीची आणि नंतरची असे दोन कालखंड पडले. वाङ्मयेतिहासातले आपले कालखंड इतके निर्विवाद नसतात! भावाला हवी होती .२७० या मापाची. या मापाची महती ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून वर्षानुवर्षे गाणारे जॅक ओ’कॉनर हे मुळात ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारे प्राध्यापक होते, कादंबऱ्याही लिहीत. हे कळल्यावर आपण अगदीच परक्या प्रांतात आलो नाही, असे मला उगाच वाटले.

अमेरिकेत अशा रायफली संगणकाच्या पडद्यावर पाहून विकत घेता येतात. मात्र परराज्यातून घेतलेली रायफल थेट घरी येत नाही. ती स्थानिक परवानाधारक विक्रेत्याकडे येते आणि पूर्वेतिहासाची तपासणी झाल्यावरच खरेदीदाराच्या हाती पडते. अनेक विक्रेते पाहणीसाठी तीन दिवसांची मुदत देतात. पण त्याआधी हाताशी असतात ती फक्त छायाचित्रे. वस्तू हाती येण्याआधी ती डोळ्यांनी वाचावी लागते. भाऊ म्हणाला, “दादा, तू आयुष्यभर जुनी अक्षरं बघतोस. जरा ही बघ.”

पहिल्या रायफलीच्या वर्णनात होते : १९३८ सालची, सर्वस्वी अस्सल, अवस्था उत्कृष्ट. ती खरोखरच देखणी होती. पोलाद निळ्या-काळ्या तेजाने झळकत होते, लाकूड आरशासारखे. मी सवयीने नळीवरच्या अक्षरांकडे पाहिले. ती वाचता येत होती, पण त्यांच्या कडा गोलावलेल्या होत्या. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पानासारखी ती मऊ दिसत होती. मी एवढेच म्हणालो, “इतकी नवी वस्तू आणि अक्षरं इतकी थकलेली कशी?”

भाऊ क्षणभर थांबला आणि मग भराभर बोलू लागला. पोलादावरचा मूळ निळा थर उडाला की काहीजण तो पुन्हा चढवून घेतात. त्यासाठी आधी पोलाद फिरत्या चाकावर घासावे लागते. गंज कोणता आणि अक्षर कोणते, हे त्या चाकाला कळत नाही. स्क्रूच्या भोकांच्या कडाही त्यात बशीसारख्या खोलगट होतात. आता आम्ही दोघेही पाहू लागलो, तसतसे आणखी दिसत गेले. कारखान्यातून निघताना लाकूड पोलादापेक्षा किंचित उंच असते. इथे ते खाली बसले होते, म्हणजे दस्ताही घासलेला. नक्षीच्या चौकड्यांत व्हार्निश साचले होते. शिवाय महायुद्धापूर्वीच्या या रायफलींच्या मागच्या पुलावर दुर्बीण बसवण्याची भोके कारखाना पाडत नसे. इथे नेमकी तिथेच दुर्बिणीची बैठक होती. म्हणजे नंतर कुणीतरी ती भोके पाडली होती. अशा फेरफारांनी संग्राहकांच्या लेखी किंमत निम्म्यावर येऊ शकते.

विक्रेता खोटे बोलत होता, असे मला अजूनही म्हणवत नाही. ‘अस्सल’ आणि ‘उत्कृष्ट’ हे शब्द त्याने एकाच अर्थाने वापरले होते. ते एक नाहीत, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे उपकार केवढे, ते सांगायला नको. पण शुद्ध प्रत म्हणजे मूळ प्रत नव्हे, आणि संशोधनाआधीच्या पोथ्या कशा होत्या हा प्रश्न अभ्यासकाला सुटत नाही. इतिहासाच्या साधनांत तर ‘अस्सल’ हा शब्द कागदाच्या सौंदर्याविषयी नसतोच. कसरीने खाल्लेले, शाई फुटलेले पत्र अस्सल असू शकते आणि त्याची सुवाच्य नक्कल ती नक्कलच राहते.

मग आम्ही महिनाभर अशा रायफली वाचत राहिलो. एकीच्या खालच्या पट्टीवर ‘सुपर ग्रेड’ ही श्रेष्ठ दर्जाची अक्षरे होती. पण पट्टी काढून दुसऱ्या रायफलीला लावता येते. जुन्या पुस्तकाला भलतेच शीर्षकपृष्ठ चिकटवावे, तसा तो प्रकार. एकीचा दस्ता मोजायला सांगितल्यावर चापापासून टोकापर्यंत मूळचे सुमारे साडेतेरा इंच भरेनात. रबरी उशी बसवण्यासाठी कुणीतरी तो कापला होता. .३०-०६ मापाची असेल तर नळी आतून अधिकच पारखावी लागते. महायुद्धकालीन बहुतेक लष्करी काडतुसांच्या टोपीतून उडालेले क्षार नळीत राहतात, ओलावा धरतात, आणि ते तेलाने नव्हे, पाण्यानेच धुतले जातात. ज्याने नुसते तेल लावून निगा राखल्याचे समाधान मानले, त्याची नळी बाहेरून कोरी आणि आतून खाल्लेली निघते.

अखेर निवडली ती रायफल दिसायला सामान्य होती. पण तिची झीज एकमेकींशी जुळणारी होती. चालताना माणूस रायफल जिथे तोलून धरतो, तिथेच खालची पट्टी रुपेरी झाली होती. टोकाजवळची निळाई म्यानात घासून गेली होती. दस्त्यावर चार-दोन खोक होत्या. अक्षरे मात्र काठोकाठ धारदार. स्क्रूच्या खाचा अविकृत. नळीवर आणि रिसीव्हरवर, दोन्हीकडे, लंबवर्तुळातली ‘डब्ल्यू’ आणि ‘पी’ ही जोडमोहर. भावाने आणखी नऊ छायाचित्रे मागितली आणि विक्रेत्याने न कुरकुरता पाठवली. तोही एक पुरावाच. रायफल आल्यावर भावाने ती एका जाणत्या कारागिराकडून उघडून तपासून घेतली. दस्त्याखाली झाकलेल्या नळीच्या पोटावर वर्षाचे दोन आकडे होते : ५१. बोल्टच्या पोटावर रिसीव्हरवरचाच क्रमांक विजेच्या लेखणीने लिहिलेला होता. तो आकडा साच्यातला नव्हे, हाताने काढलेला, थोडा घाईचा. न्यू हेवनमधल्या कुण्या कामगाराचे ते हस्ताक्षर मी कितीतरी वेळ पाहत बसलो.

आणि त्याच रात्री, पंधरा वर्षे न सांगितलेली गोष्ट मी भावाला सांगितली.

आमच्या आजोबांची ज्ञानेश्वरीची छापील प्रत माझ्याकडे असते. ते प्राथमिक शिक्षक होते. प्रत्येक पानाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने, बारीक मोडी अक्षरांत टिपणे केली होती. नोकरीत कायम झालो तेव्हा मोठ्या हौसेने मी ती पोथी बांधायला दिली. बांधणाऱ्याने लाल कापडाचे सुंदर आवरण घातले आणि कडा सारख्या करण्यासाठी तिन्ही बाजू यंत्राखाली कापल्या. टिपणांच्या ओळींची शेवटची दोन-तीन अक्षरे त्या कातरणात गेली. बांधणाऱ्याला दोष कसा देणार? “नव्यासारखी करून द्या,” असे मीच सांगितले होते. घरी येणारे जाणारे पोथीचे कौतुक करत आणि मी ते ऐकून घेत असे. भावाने कधी विचारले तर म्हणत असे, “छान जपली आहे.” त्या विक्रेत्याची आणि माझी भाषा एकच होती.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने महिनाभर अनोळखी माणसांना विचारत होता, त्याच आवाजात विचारले, “कापलेल्या कडेपासून अक्षरं किती आत आहेत? सगळ्याच पानांवर गेलीत का? उजेडात, तिरप्या कोनातून फोटो पाठव.” थोडे थांबून म्हणाला, “आणि दादा, पहिल्या पानावर लिहून ठेव. कधी बांधली, काय गेलं. पुढच्याला कळू दे.”

छायाचित्रे काढायला आठ दिवस लागले. काही ओळींची गेलेली अक्षरे अर्थावरून सुचतात. ती मी पोथीत भरली नाहीत, वेगळ्या वहीत प्रश्नचिन्हासह लिहिली. पहिल्या पानावर मात्र वर्ष, बांधणीची हकिकत आणि माझे नाव पेन्सिलीने नोंदवले. कडेपासून दोन बोटे आत, म्हणजे पुढच्या बांधणाऱ्याची सुरी तिथवर पोहोचणार नाही.