वारंगा फाटा : विशेष शाळेच्या वाटेवर

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात वारंगा फाटा आहे. नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता इथे दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला आणि पुढे वाशीम-अकोल्याला जाते. दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे वळते. दोन राष्ट्रीय महामार्ग इथे मिळतात, म्हणून दिवसभर एसटी, जीप आणि मालट्रकांची वर्दळ असते. इथली खिचडी प्रवाशांमध्ये प्रसिद्ध आहे. गाडी बदलायची नसली तरी लोक उतरतात, खिचडी-भजी खातात आणि पुढे निघतात.

आम्हा शिक्षकांचे या फाट्यावरून नेहमीच जाणे-येणे असते. शाळा उघडण्याच्या दिवसांत, दिवाळीच्या आणि ईदच्या सुट्टीच्या आसपास इथे काही वेगळे प्रवासी दिसतात. कुणाच्या कानामागे श्रवणयंत्र असते, कुणाच्या हातात पांढरी काठी. एखादे मूल कडेवर बसण्याचे वय उलटले तरी आईच्या कडेवरच असते. सोबत कपड्यांची पिशवी आणि फाइलमध्ये जपून ठेवलेले प्रमाणपत्र. ही मुले विशेष शाळेच्या वाटेवर असतात. यातल्या बऱ्याच शाळा निवासी आहेत. म्हणजे मूल एकदा गेले की सुट्टीलाच घरी येते.

या प्रवासाला थोडा आधार आहे. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असेल तर सोबतच्या मदतनीसालाही ५० टक्के सवलत असते. मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा ही मदतनीसाची सवलत खरी उपयोगी पडते ती अब्बा, मामू किंवा दादाला. मुलाला पोहोचवण्याचे काम एकट्या अम्मीवर टाकण्याचे कारण नाही.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मोजली आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेही जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे पसंत असेल तिथे. मूल घराबाहेर पडूच शकत नसेल तर घरी शिकवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये भत्ता ठेवला आहे. मुलगी आहे, एवढ्या एका कारणाने तिला घरात बसवून ठेवणारी कुटुंबे आपल्यात आहेत. वसतिगृहाची काळजी वाटणे रास्त आहे. मग तिथे जाऊन राहण्याची सोय पाहावी, महिला अधीक्षक आहेत का ते विचारावे, जवळच्या शाळेचा पर्याय शोधावा. न शिकवणे हा मात्र पर्याय नाही.

पण मुलाला शाळेत पोहोचवले म्हणजे काम संपले असे नाही. आम्हाला सर्वांत मोठी अडचण दिसते ती सुट्टीत. फाट्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या एका अम्मीने ती एका वाक्यात सांगितली. तिचा मुलगा कर्णबधिर. ती म्हणाली, “वो इस्कूल में हातां से बाता करता, घर कू आया तो हमीच गूंगे हो जाते.”

आपल्या घरात दखनी बोलली जाते, शाळा मराठीत चालते. कर्णबधिर मूल ओठांवरून मराठी शब्द ओळखायला शिकते आणि घरी आल्यावर सगळ्यांचे ओठ वेगळेच शब्द बोलतात. अशा वेळी शाळेतल्या बाईंकडून रोजच्या पन्नास-शंभर शब्दांची यादी मागावी आणि घरातही तेच शब्द वापरावेत. सांकेतिक भाषा तर ना मराठीची, ना उर्दूची. तिचा दहा हजार शब्दांचा भारतीय कोश २०२१ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या चित्रफिती मोबाइलवर मोफत पाहता येतात. रोज पाच खुणा शिकल्या तरी वर्षभरात घर मुलाशी बोलू लागेल.

अंध मुलांच्या घरी दुसरी भीती असते, मराठी शाळेत घातले तर उर्दू सुटेल. भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली तेव्हा भारतीय भाषांतल्या सारख्या ध्वनींना शक्यतो सारखेच ठिपके देण्यात आले. मराठीचा ‘ब’ आणि उर्दूचा ‘बे’ बोटांना एकच लागतो. ब्रेलमध्ये उर्दूही डावीकडून उजवीकडे वाचतात. म्हणजे मराठी ब्रेल शिकलेल्या मुलाचा उर्दूचा अर्धा रस्ता तिथेच पार झालेला असतो.

बौद्धिक अक्षम मुलांना शाळेत दात घासणे, गुंड्या लावणे, नाणी ओळखणे चिकाटीने शिकवतात. घरी आल्यावर दादी-नानी मायेने घास भरवतात, गुंड्या लावून देतात. महिन्याभरात शिकवलेले विसरले जाते. माया कमी करू नये, पण हात थोडा आवरावा. गुंडी लावायला दहा मिनिटे लागली तर लागू द्यावीत.

पालकांना अधिक मार्गदर्शन हवे असेल तर फाट्यावरून नांदेड गाठावे. तिथून जाणारी देवगिरी एक्सप्रेस एका दिशेला मुंबईला, दुसऱ्या दिशेला सिकंदराबादकडे जाते. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली वाचा व श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. ते उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळातले हे हैदराबादी नाव. सिकंदराबादला बौद्धिक अक्षमांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये उभी राहिली. दोन्ही ठिकाणी तपासणीबरोबरच पालकांनाही शिकवतात.

मोहल्ल्यालाही काही करता येईल. जकातीचा विचार करताना श्रवणयंत्राची बॅटरी, शाळेपर्यंतचे भाडे, चाकाची खुर्ची या गरजाही डोळ्यांपुढे ठेवाव्यात. मशिदीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. ईदला सुट्टीवर आलेल्या या मुलाला लोकांपुढून आत न पाठवता त्याच्याच हाती शीरखुर्म्याची वाटी देऊन पाहुण्यांना द्यायला सांगावे. शाळेत तो हेच शिकत असतो. ते करून दाखवायला त्याला आपले घर मिळाले पाहिजे.