कन्हानच्या कांठीं चित्रकलेचा पहिला धडा

नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या कांठीं मौदा हें गांव आहे. येथें धबधबा नाहीं कीं डोंगरांची रांग नाहीं. पाणी, वाळू, भाताचीं शेतें आणि वर मोकळें आकाश, एवढेंच. निसर्गचित्र शिकूं इच्छिणाऱ्यास असेंच स्थळ बरें, असें आम्हांस वाटतें. विषय साधा असला म्हणजे नजर फांकत नाहीं.

प्रथम क्षितिजरेषा ठरवावी. शक्य तों ती कागदाच्या ऐन मध्यावर नसावी. मग डोळे अर्धवट मिटून पाहावें. पानें, काटक्या दिसेनाशा होऊन छायाप्रकाशाचे तीन-चार पट्टे तेवढे उरतात; ते आधीं रंगवावे. दूरचें झाड हिरवें आहे हें आपण जाणतों. परंतु मधल्या हवेमुळें तें निळसर व फिकें दिसतें. जाणतों तें सोडून दिसतें तें काढणें, हाच मुख्य धडा होय. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) यांनीं कोटितीर्थ तलावाचीं चित्रें पुनःपुन्हा काढिलीं तीं याच निष्ठेनें.

आज मौद्यास २३२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक विद्युत्केंद्राच्या चिमण्या उभ्या आहेत. त्या गाळून देखावा रम्य करण्याचा मोह होतो. आमच्या मतें त्या गाळूं नयेत. त्याही दुरून फिकट करड्याच दिसतात, तशाच काढाव्या. कन्हानचा कांठ आपल्या काळीं कसा होता, हें घरांतल्या पुढच्या पिढीस त्या चित्रावरून खरेंखुरें कळावें.