राजाला नमन

मासा म्हटला की किनाऱ्यावरच्या माणसाला आधी कालवण आठवते. आमच्या धर्मग्रामातील कोळी कुटुंबांत तर बाजारभावावाचून माशाची गोष्ट होत नाही. त्यात गैर काही नाही. त्यावरच त्यांची चूल पेटते. म्हणून अमेरिकेतील फ्लोरिडाच्या टार्पन माशाविषयी आम्ही बोलू लागलो की एकच प्रश्न पुढे येतो: खायचा नाही, विकायचा नाही, तर धरायचा कशाला?

प्रश्न रास्त आहे. टार्पन पुरुषभर उंचीहून लांब वाढतो, आणि मोठी मादी शंभर किलोंच्याही पुढे जाते. अंगावर रुप्यासारखी मोठमोठी खवले. पोटातील हवेची पिशवी त्याला फुप्फुसाचे काम देते. त्यामुळे कोमट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो वर येऊन हवेचा घोट घेतो. मांसात काटेच फार, म्हणून फ्लोरिडात त्याला पानात स्थान नाही.

मे-जून महिन्यांत हे मासे बोका ग्रँड येथील खोल खाडीमुखाशी जमतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जोराची ओहोटी लागली की खेकडे वाहत बाहेर येतात आणि टार्पन त्यांवर तुटून पडतात. त्याच सुमारास ते अंडी घालण्यासाठी खोल समुद्राकडे जातात. हौशी मच्छीमारांच्या होड्याही तेव्हाच तेथे दाटतात.

गळ लागताच टार्पन पाण्याबाहेर उसळी घेतो. त्या क्षणी जाणता मच्छीमार दोर ओढत नाही. तो कमरेत वाकतो, हातातील काठी माशाच्या दिशेने पुढे करतो आणि दोर सैल सोडतो. यालाच ते लोक ‘राजाला नमन’ म्हणतात. यामागे रोकडे कारण आहे: दोर ताठ असेल तर माशाच्या झटक्याने तो तुटतो किंवा त्या हाडकुळ्या जबड्यातून गळ निसटतो. हट्टाने ओढणारा मासा गमावतो.

हे वाकणे पूर्वी दोरापुरतेच होते. फ्लोरिडात काठी आणि रिळाने टार्पन धरण्याचा छंद 1885 पासून फोफावला. टेक्सासमधील पोर्ट आरान्सस या गावाचे नावच एके काळी टार्पन होते. तेथील टार्पन इन या जुन्या विश्रामगृहाच्या भिंतींवर मारलेल्या माशांची हजारो खवले नावानिशी लावलेली आहेत. 1937 मधील अध्यक्ष रूझवेल्ट यांचेही त्यांत आहे. पुढे त्या किनाऱ्यावर टार्पन फार विरळ झाला. भिंत भरली, समुद्र रिता झाला.

फ्लोरिडाने 2013 मध्ये नियम केला: विक्रमासाठी खास परवाना काढलेल्याखेरीज टार्पन ठेवता येणार नाही, आणि सुमारे एक मीटरहून मोठा मासा सोडताना पाण्याबाहेरही काढायचा नाही.

तरीही सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. दीर्घ झुंजीने तो गळून जातो आणि जवळच हातोडीसारख्या डोक्याचा शार्क टपलेला असतो. म्हणून समंजस मच्छीमार मजबूत दोर वापरून झुंज लवकर आटोपतो आणि शार्क दिसताच दोर कापून टाकतो. शिकागोच्या शेड मत्स्यालयात 1935 साली आणलेला एक टार्पन 1998 पर्यंत जगला. वाचकहो, आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. दोराच्या दुसऱ्या टोकाला आमच्याच वयाचा जीव असू शकतो, हे कळल्यावर केवळ मौजेसाठी त्याला तासभर झुंजवणे आम्हांस पटत नाही.

कोळ्याचा गळ पोटासाठी असतो. त्याच्याकडे जाब मागण्याची गरज नाही. हौसेने गळ टाकणाऱ्याने मात्र कोळ्याच्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. मासा उसळला असता वाकणे सोपे असते, कारण त्यात आपला लाभ आहे. हाती आलेला विजय शार्कपासून वाचवण्यासाठी दोर कापणे, हे खरे नमन होय.